पोलीस केस असेल तर रेशन दुकान मिळतं का?

कायदा आणि कचेरी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहरातून रेशन दुकानाबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांची गोम एकच आहे : कधीतरी पोलिसांत नाव गेलेले आहे, आता दुकान चालवायचे आहे किंवा टिकवायचे आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. कर्नाटकात रेशन दुकानदाराला मिळते ते प्राधिकारपत्र. पण सगळे त्याला लायसन म्हणतात, म्हणून उत्तरांतही तोच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या गावात रेशन दुकानासाठी अर्ज मागवलेत. माझं एसएसएलसी (दहावी) झालंय, रस्त्याला लागून स्वतःची खोली आहे. अडचण एवढीच की २०१४ साली मटक्याच्या केसमध्ये नाव आलं होतं. वकील म्हणाले, कबूल करा, दंड भरा, विषय संपला. पाचशे रुपये भरून मोकळा झालो. आता अर्जासोबत शपथपत्र मागतात. केस मिटलेलीच आहे, तर ‘नाही’ लिहिलं तर चालेल ना?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : चालणार नाही. केस मिटली हे खरे, पण ती शिक्षेने मिटली. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला की कायद्याच्या भाषेत तुम्ही दोषी ठरता. मग तो दंड पाचशेचा असो की पन्नास हजारांचा, तुरुंगात एक रात्रही न काढलेली असो. आपल्या भागात मटका आणि जुगाराच्या केसेस बहुधा १९६३ च्या कर्नाटक पोलीस कायद्याच्या कलम ७८, ८० किंवा ८७ खाली असतात आणि सकाळी कोर्टात उभे राहून दुपारपर्यंत दंड भरून माणसे घरी येतात. आपल्याला शिक्षा झाली आहे हे त्यातल्या निम्म्यांच्या गावीही नसते. ‘दंड भरून टाका’ हा सल्ला त्या दिवसापुरता स्वस्त पडतो. त्याची खरी किंमत अशा शपथपत्राच्या वेळी कळते.

आता शपथपत्र. ते शब्दशः वाचा. ‘माझ्यावर गुन्हा दाखल नाही’, ‘माझ्यावर खटला प्रलंबित नाही’, ‘मला कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही’ आणि ‘जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली मला शिक्षा झालेली नाही’ ही चार वेगळी विधाने आहेत. मसुद्यात फक्त चौथे वाक्य असेल, तर तुमचे ‘नाही’ खरे आहे आणि मटक्याचा विषय तिथे येतही नाही. तिसरे वाक्य असेल, तर ते खोडून ‘खालील प्रकरण वगळता’ असे लिहा आणि केस नंबर, कोर्ट, कलम, निकालाची तारीख आणि दंडाची रक्कम द्या. ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातला मुलगा किंवा स्टँपवाला तयार नमुना कन्नडमध्ये छापून देतो आणि ‘इथे सही करा’ म्हणतो. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या, पण न वाचता सही करू नका. मटक्याची जुनी केस अधिकाऱ्याच्या नजरेत किरकोळ ठरू शकते, खोटे शपथपत्र मात्र किरकोळ ठरत नाही. सरकारी नोकरीतल्या माहिती लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात निकाल दिला, त्याचा गाभाही हाच आहे. किरकोळ गुन्ह्याकडे वरिष्ठांना काणाडोळा करता येतो, लपवाछपवी हे मात्र स्वतंत्र कारण बनू शकते. तो निकाल नोकरीचा आहे, दुकानाचा नाही. तरीही तुमचे प्रकरण पुढे कोर्टात गेले, तर युक्तिवाद याच अंगाने होईल.

कागद असे जमवा. केसचा सीएनआर नंबर, म्हणजे सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक, ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नावावरून मिळतो. नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे घालून बघा, कारण मराठी आडनावे कन्नडमधून इंग्रजीत जाताना हमखास वाकडी होतात. केस जुनी आहे, त्यामुळे ती तिथे चढलेली नसेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात वर्ष आणि ठाणे सांगून अर्ज करा. किरकोळ केसांच्या फाइली काही वर्षांनी नष्ट करतात. तसे असेल तर ‘फाइल नष्ट केली’ असे लेखी एंडॉर्समेंट (शेरा) आणि रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा मागा. निकालाची नक्कल हाती आली की शेवटचा परिच्छेद नीट वाचा. दंडाऐवजी १९५८ च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्याचे कलम ३ किंवा ४ लावून ताकीद वा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले असेल, तर त्याच कायद्याचे कलम १२ तुमच्या बाजूचे आहे. त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही असे ते सांगते. शपथपत्रात शिक्षा दाखवायचीच, पण शेजारी कलम १२ चा उल्लेख करायचा.

एक गैरसमज बऱ्याच पत्रांत आहे : सात किंवा दहा वर्षे झाली की केस आपोआप पुसली जाते. प्रौढांसाठी असा सरसकट कायदा भारतात नाही. मुलांसाठी आहे. अठराच्या आतल्या वयात घडलेल्या प्रकरणात बाल न्याय कायदा २०१५ चे कलम २४ अपात्रता काढून टाकते, अपवाद फक्त सोळा ते अठरा वयाच्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. तुमचे वय २०१४ साली काय होते, हे पत्रात नाही. अठराच्या आत असेल तर सगळे उत्तरच बदलते.

प्रश्न : काळ्या दिनाच्या (१ नोव्हेंबरच्या निषेधाच्या) फेरीनंतर आमच्या गल्लीतल्या पोरांवर केस घातली, त्यात माझंही नाव आहे. तारखा चालूच आहेत. ठाण्यात रावडी शीट उघडलंय म्हणूनही कळतंय. मला नव्या रेशन दुकानासाठी अर्ज करायचाय. आंदोलनाची केस गुन्हेगारीत धरतात काय?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : केस प्रलंबित आहे, म्हणजे शिक्षा नाही. ‘शिक्षा झाली आहे का?’ या रकान्यात ‘नाही’, ‘खटला चालू आहे का?’ या रकान्यात ‘आहे’. खाली एका ओळीत प्रकरणाचे स्वरूप लिहा : १ नोव्हेंबरची फेरी, बेकायदा जमावाचे कलम, कोणाला इजा नाही, मालमत्तेचे नुकसान नाही. हे आरोपपत्रात तसे असेल तरच लिहायचे, भाषण करायचे नाही. धान्य वाटपाशी या केसचा काडीचा संबंध नाही हे अधिकाऱ्याला कागदावरून दिसले पाहिजे.

ती संपवण्याचे तीन रस्ते आहेत आणि तिघांचा कागदोपत्री परिणाम वेगळा. सरकारने खटला मागे घेतला आणि कोर्टाने संमती दिली, तर आरोप निश्चित होण्यापूर्वी तुम्हाला वगळले जाते आणि आरोप निश्चित झाल्यावर तीच गोष्ट निर्दोष सुटका ठरते. दुसरा रस्ता म्हणजे उच्च न्यायालयाकडून गुन्हा रद्द करून घेणे. बेळगाव जिल्ह्यासाठी ते धारवाड खंडपीठ. तिसरा म्हणजे खटला लढणे. चौथाही एक आहे, ‘सगळ्यांनी मिळून दंड भरू’, आणि गटाच्या केसमध्ये तोच पटकन ठरतो. त्याचा परिणाम वरच्या उत्तरात वाचला असेलच. दुकानाचा अर्ज मनात असेल तर त्या दिवशी गटाबरोबर वाहत जाऊ नका.

रावडी शीट म्हणजे पोलिसांची नजर ठेवायची वही. कोर्टाचा त्याच्याशी संबंध नाही आणि ती शिक्षा तर नाहीच. पण पडताळणीचा अहवाल त्याच ठाण्यातून जातो, म्हणून दुर्लक्षही करू नका. शीट बंद करण्याचा अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हा पोलीसप्रमुखांकडे द्या आणि पोच घ्या. उघडल्याची माहिती हवी असेल तर माहिती अधिकारात मागा. तो अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा लागतो, मराठीतला परत येण्याची शक्यता जास्त.

जाता जाता : ठाण्याने ‘बी रिपोर्ट’ दिला, म्हणजे पुरावा नाही म्हणून तपास बंद केला, तरी तो कोर्टाने स्वीकारल्याचा आदेश हातात घेतल्याशिवाय केस संपली असे समजू नका. निर्दोष सुटलेल्यांच्या बाबतीतही ठाण्याच्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षे ‘कोर्टात प्रलंबित’ अशीच नोंद राहते, कारण निकाल तिकडे कोणी पोचवतच नाही. निकालाची नक्कल स्वतः नेऊन ठाण्यात आणि जिल्हा गुन्हे नोंद शाखेत द्यावी आणि दोन्हीकडे शिक्का घ्यावा. पडताळणीतले निम्मे घोळ या एका कागदाने टळतात.

प्रश्न : आमचं दुकान सहाशे कार्डांचं. गेल्या महिन्यात फूड इन्स्पेक्टर आले, साठा बघितला, मशीनवरच्या नोंदीपेक्षा १ क्विंटल ४० किलो तांदूळ कमी निघाला. लायसन सस्पेंड केलंय आणि ठाण्यात केसही दिलीय. आम्ही एक दाणा बाहेर विकलेला नाही. ओळखीचे म्हणतात, पहिल्याच तारखेला दंड भरून टाका. काय करावं?
— एक दुकानदार, निपाणी तालुका

उत्तर : आधी हिशोब बघा. सहाशे कार्डे, कार्डामागे सरासरी चार माणसे, माणशी पाच किलोच धरले तरी महिन्याला १२० क्विंटल. पन्नास किलोच्या पोत्यांत २४० पोती. तागाचे पन्नास किलोचे पोते रिकामे सुमारे ५८० ग्रॅम भरते. गोदामातून तुम्ही काट्यावर ‘पन्नास’ बघून पोते उचलले असेल, तर आत तांदूळ आहे ४९ किलो ४२० ग्रॅम. ५८० ग्रॅम गुणिले २४० म्हणजे १३९ किलो. तुमचा फरक १४० किलोचा आहे.

याचा अर्थ तुम्ही निर्दोष आहात असा नाही. पण हा आकडा बारदानाच्या वजनाशी इतका जुळतो की उत्तराची सुरुवात इथूनच व्हायला हवी. प्लॅस्टिकची पोती बरीच हलकी असतात, म्हणून त्या महिन्यात कोणती पोती आली होती हे चलनावरून आणि रिकाम्या बारदानावरून दाखवा. बारदान विकले असेल तर पावती जोडा. सगळे बारदान नेमके आदल्या आठवड्यात विकून टाकलेले असते, हे या प्रकरणांतले नेहमीचे दुखणे आहे. पुढच्यासाठी साधा नियम : गोदामात दहा पोती एकत्र काट्यावर चढवा, तागाची असतील तर ५०५ किलो ८०० ग्रॅम दिसले पाहिजे. कमी दिसले तर चलनावर तिथेच निव्वळ वजन लिहून गोदामवाल्याची सही घ्या. ‘घरी जाऊन बघतो’ म्हणालात की तूट तुमची.

आता तपासणीचा महजर, म्हणजे पंचनामा, घ्या आणि त्यात काय लिहिले आहे ते तपासा. सगळी पोती मोजली की पाच मोजून बाकीची गुणली? फुटलेली पोती आणि सांडलेला तांदूळ धरला का? नेटवर्क नसताना दिलेले धान्य मशीनवर चढले होते का? खानापूरच्या जंगलपट्टीत आणि निपाणीच्या काही गावांतही पावसाळ्यात हा प्रश्न खराच असतो. गोदामातून निघालेला पण मशीनवर ‘पोचला’ असे नोंदवलेला आणि प्रत्यक्ष दुसऱ्या दिवशी आलेला ट्रक आहे का? काट्याचा शिक्का चालू वर्षाचा होता का? इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी लागते. उंदीर, ओल, घट ही कारणे शेवटी आणि थोडक्यात लिहा. खरी असली तरी सगळेच तीच सांगतात आणि अधिकाऱ्याला ऐकून ऐकून कंटाळा आलेला असतो.

तुमच्यावर एकाच घटनेतून तीन वेगळी प्रकरणे चालणार आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नका. पहिले आहार खात्याचे : सस्पेंशन, कारणे दाखवा नोटीस, मग लायसन रद्द किंवा परत. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि तोंडी सुनावणी मागा. विरुद्ध आदेश आला तर आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील करा आणि अपिलाबरोबरच स्थगितीचा अर्ज जोडा. दुसरे, जप्त धान्याचे : जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५, कलम ६अ. हे जिल्हाधिकाऱ्यांसमोर चालते. कलम ६ब प्रमाणे लेखी नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी न देता जप्ती कायम करता येत नाही आणि त्यावरचे अपील एका महिन्याच्या आत. पुढे कोर्टातून सुटलात तर ६क प्रमाणे जप्त माल किंवा त्याची किंमत व्याजासह मागता येते, हे फार कमी दुकानदार मागतात. तिसरे, कोर्टातली फौजदारी केस. कोर्टात सुटलात म्हणून लायसन आपोआप परत येत नाही, तिथला निकाल खात्याकडे जोडून वेगळा अर्ज लागतो.

दंड भरून टाकण्याबद्दल : मटक्याच्या केसमध्ये तो सल्ला वाईट, इथे घातक. जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ७ मध्ये नियंत्रण आदेश मोडल्याची शिक्षा तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि वर दंड अशी आहे. तीन महिन्यांखाली यायचे तर न्यायाधीशांना खास कारणे लिहावी लागतात. म्हणजे ‘नुसता दंड’ हा पर्याय मुळात तुमच्या हातात नाही. शिवाय याच कायद्याखाली दुसऱ्यांदा दोषी ठरलात, तर कलम ७(३) प्रमाणे त्या वस्तूचा कोणताही धंदा किमान सहा महिने करू नये असा आदेश कोर्टाला द्यावाच लागतो. त्यात रेशनबरोबर तुमचे खासगी तांदळाचे दुकानही येते. एकशे चाळीस किलोसाठी आयुष्यभराची धान्यातली नोंद कपाळी घेऊ नका.

आणि जाळ्यात अडकायला नको असेल तर अन्नभाग्यचा, म्हणजे रेशनचा, तांदूळ गोळा करत गल्लीत फिरणाऱ्या टेंपोवाल्याशी दुकानाच्या दारात बोलणेसुद्धा टाळा. कार्डधारक आपला तांदूळ विकतो आणि पकडला जातो तुमच्या दुकानासमोर. महजरमध्ये जागा तुमचीच लिहिली जाते.

प्रश्न : माझ्या मालकांना चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याची दारू आणल्याबद्दल शिक्षा झालेली आहे. आता ते सुधारलेत. आमच्या स्त्रीशक्ती गटाला रेशन दुकान मिळेल काय? मी गटाची अध्यक्षा आहे.
— एक वाचक, बेळगाव तालुका, पश्चिम भाग

उत्तर : नवऱ्याची शिक्षा ही बायकोची शिक्षा नव्हे, आणि गटाची तर नाहीच. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चे कलम १२ दुकाने देताना पंचायत, सहकारी संस्था आणि बचत गटांना प्राधान्य द्यायला आणि दुकाने बायकांच्या हाती द्यायला सांगते. तुमच्या गटाची बाजू चांगली आहे. पीकेपीएसनेही (गावच्या कृषी पत सहकारी संस्थेनेही) अर्ज केला असेल तर मात्र चुरस आहे.

धोका नंतर आहे. लायसन गटाचे असले तरी प्रत्यक्ष काउंटरवर मालक बसले, मशीनवर त्यांचा अंगठा लागला, चलनावर त्यांची सही आली, तर दुसऱ्याने चालवलेले दुकान म्हणून लायसन जाते, आणि त्यांची जुनी केस तेव्हा बरोबर बाहेर निघते. गटाच्या ठरावात दुकानात कोण दोघी बसणार, बँकेत सही कोणाची, रोख कोणाकडे, हे नावानिशी लिहा. अंगठे त्या दोघींचेच नोंदवा. मालकांनी पोती उतरवायला हरकत नाही. त्यांच्या शिक्षेबद्दल अर्जात गटातल्या सदस्यांपुरतेच विचारले असेल तर त्यांचा उल्लेख करायची गरज नाही. ‘कुटुंबीयांवर’ असा शब्द असेल तर करावा लागेल.

प्रश्न : माझा भाचेजावई अमेरिकेत टेक्सासमध्ये भागीदारीत किराणा दुकान घेतोय. भागीदाराला तरुणपणी गांजाच्या प्रकरणात शिक्षा झालेली आहे. तिथल्या गरिबांच्या धान्य-कार्डाची परवानगी त्यामुळे मिळणार नाही असं म्हणतात. इतकं कडक असतं काय?
— एक ज्येष्ठ वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्यापेक्षा कडक. तिकडे वेगळे रेशन दुकान नसते. ‘स्नॅप’ योजनेचे पैसे सरकार कार्डावर भरते आणि परवानगी घेतलेल्या कोणत्याही किराणा दुकानात ते कार्ड चालते. परवानगी राज्य देत नाही, केंद्राच्या कृषी खात्याची फूड अँड न्यूट्रिशन सर्व्हिस देते. अर्जाला फी नाही. अर्जात सगळे मालक आणि भागीदार दाखवावे लागतात, आणि टेक्सास हे नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरणारे राज्य असल्यामुळे मालकाच्या जोडीदाराचीही माहिती द्यावी लागते. म्हणजे तुमच्या भाचीचीही.

तिथल्या नियमावलीत ‘व्यवसायातली सचोटी’ या कलमाखाली गुन्ह्यांची यादी आहे : फसवणूक, चोरी, अफरातफर, खोटे दस्त, लाच, खोटी विधाने, आणि दारू, तंबाखू, बंदुका, अमली पदार्थ, जुगार यांसंबंधीचे कायदे मोडणे. मालक, पदाधिकारी किंवा मॅनेजर यांपैकी एकालाही अशी शिक्षा झालेली असेल तर परवानगी कायमची नाकारतात. ‘किती वर्षांपूर्वी’ हा प्रश्न त्यात नाही. मालाची किमान विविधता कमी पडली म्हणून नाकारले असेल तर सहा महिन्यांनी परत अर्ज करता येतो. शिक्षेमुळे नाकारले तर तसे नाही.

यात उघड विसंगती आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना ही मदत घेण्यावर १९९६ च्या कायद्याने बंदी होती, ती बहुतेक राज्यांनी उठवली किंवा सैल केली आहे. म्हणजे तोच माणूस कार्ड घेऊन दुकानात जाऊ शकतो, पण कार्ड स्वीकारणाऱ्या काउंटरमागे मालक म्हणून उभा राहू शकत नाही. धान्याच्या पैशांचा अपहार करणाऱ्याला दूर ठेवणे समजते. वीस वर्षांपूर्वीच्या गांजाचा आणि आजच्या दूध-पावाचा संबंध आम्हाला दिसत नाही. आणि ही यादी संसदेच्या कायद्यात नाही, नियमावलीत आहे. कायद्यात नुसते ‘सचोटी आणि लौकिक’ आहे, त्यामुळे खात्याने मनात आणले तर ती बदलता येते.

भाचेजावयांनी करायचे ते असे : भागीदारीचा करार करण्याआधीच तिथल्या वकिलाला त्या निकालपत्राची नक्कल दाखवावी. करार झाल्यावर भागीदाराला नुसते कागदावरून उतरवून दुकानात मॅनेजर म्हणून ठेवणे हा उपाय नव्हे. मॅनेजरही त्या नियमात येतो आणि लपवले तर खोट्या विधानाचे नवे प्रकरण उभे राहते. नकार आला तर पत्र हाती पडल्यापासून दहा दिवसांत प्रशासकीय फेरविचार मागावा लागतो. तिथेही नकार आला तर तीस दिवसांत कोर्ट. दहा दिवस फार थोडे असतात, सुट्टीवर असताना टपाल पडून राहिले एवढ्याने लोक संधी घालवतात.

प्रश्न : आमच्या दुकानदारावर केस झालीय, दुकान सस्पेंड आहे. आमच्या धान्याचं काय? आणि केस असलेल्यालाच परत दुकान दिलं तर आम्ही काय करायचं?
— कार्डधारक, चिकोडी तालुका

उत्तर : दुकानदाराच्या केसमुळे तुमचा हक्क थांबत नाही. सस्पेंड झालेल्या दुकानाची कार्डे जवळच्या दुकानाला जोडतात. कोणते ते तहसीलदार कचेरीतल्या आहार शिरस्तेदारांकडे विचारा. तोवर दुसऱ्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळू शकते. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्ये जानेवारी २०२० पासून ‘एक देश एक रेशन कार्ड’मध्ये आहेत, त्यामुळे कामासाठी कोल्हापूर-इचलकरंजीला गेलेल्यांनाही तिथे केंद्राच्या वाट्याचे धान्य उचलता येते. राज्य सरकारची जादाची मदत मात्र परराज्यात मिळत नाही. महिना संपायच्या आत उचला. महिना गेल्यावर मागचे मिळवणे अवघड होते आणि मग अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता मागत बसावे लागते.

तक्रार करायची तर ‘तो केसवाला आहे’ असे लिहू नका, त्याने काही होत नाही. काय घडले ते लिहा : कोणत्या तारखेला, किती माणसांचे, किती किलो द्यायचे होते, किती दिले, पावती दिली का, कार्ड ठेवून घेतले का. दुकानदाराला कार्ड ठेवून घेता येत नाही, आणि साठा, भाव, हक्काचे प्रमाण लिहिलेला फलक आणि धान्याचा नमुना दर्शनी भागात ठेवावाच लागतो. हे नसेल तर मोबाइलवर फोटो काढा. पहिली तक्रार १९६७ या हेल्पलाइन क्रमांकावर नोंदवून क्रमांक घ्या, मग गावच्या दक्षता समितीला आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांना तोच क्रमांक लिहून लेखी द्या. तिथेही दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोग. एकट्याने देण्यापेक्षा दहा कार्डधारकांनी प्रत्येकाचे वेगळे आकडे जोडून दिलेल्या अर्जावर तपासणी लवकर लागते. सगळ्यांच्या सह्या एकाच कोऱ्या कागदावर घेऊन मजकूर नंतर भरू नका, चौकशीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.